कंट्रोलरसाहेबांचा फलाट

मी एका माणसाला ई-मेलवर यथेच्छ शिव्या दिल्या, आणि त्यातल्या एका शिवीचं एक अक्षर कीबोर्डवर सापडेना म्हणून ते कुठे आहे हे त्याच माणसाला विचारलं. इंटरनेट कॅफेत तो माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला, माझ्या कीबोर्डवर वाकून पाहिलं आणि म्हणाला, "उजव्या अंगाले पाहा. घाई नका करू. काय लिवून राहिले?"

"एका नालायक माणसाला पत्र," मी म्हणालो.

"मंग सांभाळून लिवा. नालायकाले चुकीचं लिवलं तर तो आपल्यालेच हासते."

मी सांभाळून लिहिलं आणि पाठवून दिलं. थोड्या वेळाने शेजारून टक, टक असा आवाज आला. तो माणूस आपल्या मॉनिटरवर बोटाने ठोकत होता, माइक चालू आहे का हे पाहतात तसा. मग त्याने घसा साफ केला आणि साऱ्या अकोटच्या ओळखीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली, "पुण्यात एसीत बसून आमच्या पोटावर पाय देणाऱ्या महाशय..." एवढं वाचून तो थांबला. वर बंद पडलेल्या पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तेच वाक्य त्याने पुन्हा एकदा वाचलं, कारण कोणतीही गोष्ट दोनदा सांगायची त्याला सवय होती.

असे आमचे कंट्रोलरसाहेब. एस.टी.मध्ये होते. चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या कुठल्या फलाटावर लागल्या हे भोंग्यावरून सांगण्यात त्यांची सारी नोकरी गेली. अकोटात त्यांचा आवाज ओळखत नाही असं लेकरू नव्हतं आणि त्यांचा चेहरा ओळखेल असा माणूस नव्हता. खिडकीची जाळी धुळीने इतकी बुजलेली होती की मागे माणूस आहे की मशीन हे सांगता येत नसे. त्यात साध्या बोलण्यातला त्यांचा आवाज वेगळा, बारीक. भोंग्याचा आवाज पोटातून यायचा, आणि तो यायच्या आधी काहीतरी टकटक वाजवावं लागायचं. काही नसलं तर ते चहाची बशी वाजवत.

आता मी त्यांना पत्र लिहायच्या भानगडीत का पडलो ते सांगायला हवं. आमचं घर फुलांचं. गावाला लागून असलेल्या मळ्यात शेवंती, झेंडू, गुलाब. स्टँडच्या कोपऱ्यावर वहिनीचं हारांचं दुकान. पण त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, आणि वऱ्हाडात कापूस बसला की सारंच बसतं. जिनिंगचे भोंगे थंडावले, लग्नं घरातल्या घरात उरकू लागली, मंडपाला प्लास्टिकच्या माळा आल्या. त्या एकदा घेतल्या की धुऊन शेजाऱ्याच्या लग्नालाही चालायच्या. दादाने उन्हाळ्याच्या तोंडावर जाहीर केलं, "ही लग्नसराई पाहू. गिऱ्हाईक आलं तर ठीक, नाही तर शेवंती उपटून सोयाबीन." वहिनी उठून मळ्यात गेली. ती शेवंती तिने लग्न होऊन आल्यावर स्वतः लावलेली होती.

घरात पदवी फक्त माझ्याकडे, आणि तिचा उपयोग आजवर कोणाला झालेला नव्हता. मी म्हणालो, "दादा, तू थांब. मी गिऱ्हाईक इंटरनेटवरून आणतो." कुठेतरी ऐकलं होतं की, इंटरनेटवर लेखांच्या सूच्या असतात. आपण लेख लिहायचा, सूचीत टाकायचा, खाली आपलं नाव-पत्ता द्यायचा, की जगभरातली माणसं तो वाचून आपल्याकडे येतात. जगभरातून माणसं अकोटला हार घ्यायला कशी येतील, हा प्रश्न मला पडला नाही. दादाला पडला. वहिनी तेवढं म्हणाली, "भाऊजी, जे करान ते नीट करजा."

जमीलभाईंच्या दुकानात तेव्हा इंटरनेट नवं होतं. मूळ दुकान जिनिंगच्या मशीनचे पट्टे आणि बेअरिंग विकायचं. धंदा आटला तसा त्यांनी अर्ध्या दुकानात पडदा लावून कॉम्प्युटर मांडले. पडद्याच्या अलीकडे ग्रीसचा वास, पलीकडे उदबत्तीचा. तिथे बसून मी एक मराठी लेखसूची शोधली, पहिला लेख ठोकला आणि पाठवला. शीर्षक होतं: "एकदा वाचाच!!! वऱ्हाडातील फुलांचा बादशहा!!!"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "गाडी रद्द. पाटीवर कुठे जाते ते लिहा, गाडी किती चांगली ते नको. गाडी किती चांगली ते प्रवासी ठरवतात. — कंट्रोलर." मला काही कळेना. गाडी कोणती? प्रवासी कोण? जमीलभाईंना दाखवलं. ते म्हणाले, "भाई, ये मशीन का जवाब है. अमेरिकासे आता है, तरजुमा होके." मला ते पटलं. त्या काळात जे कळत नसे ते अमेरिकेतून येत असे.

मशीनला फसवणं सोपं, असं समजून मी शीर्षक बदललं आणि लेख "शेती" या विभागात टाकला. कारण त्या विभागात सर्वांत जास्त गर्दी होती. उत्तर आलं, "चुकीचा फलाट. अकोल्याच्या फलाटावर गर्दी जास्त म्हणून हिवरखेडची गाडी तिथे लावू नये." मग मी कोणाचा तरी ऑर्किडच्या सजावटीवरचा लेख उचलला, त्यात खाली आमचं दुकान चिकटवलं. उत्तर: "अकोटात ऑर्किड कुठे मिळते? दुसऱ्याच्या गाडीला आपली पाटी लावू नये." चौथ्या वेळी लेख पाठवताना नेमकं भारनियमन आलं. लाइट परत आल्यावर गेला की नाही कळेना, म्हणून पुन्हा पाठवला. पुन्हा गेली. पुन्हा पाठवला. उत्तर आलं, "एकाच गाडीला तीन पाट्या लावल्याने प्रवासी तिप्पट होत नाहीत. तिन्ही डेपोत परत." त्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी ते पुण्याच्या एसीचं पत्र लिहिलं. अमेरिकेच्या मशीनला पुण्यात कधी आणलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

तर, साहेबांनी ते पत्र दोनदा वाचून दाखवल्यावर मी पळून जायला हवं होतं. पण मी आतल्या बाजूला होतो आणि त्यांच्या खुर्चीमुळे वाट बंद होती. ते म्हणाले, "बसा. तुमी फुलवाले का?" मी मान हलवली. "चांगलं लिवलं पत्र. पहिल्यांदाच तुमचं स्वतःचं काही आलं." मग जमीलभाईंना हाक मारून त्यांनी दोन चहा सांगितले. तो चहा आणि त्यांचं ते वाक्य यांपैकी अपमान कोणता आणि कौतुक कोणतं, हे मी बराच वेळ ठरवत होतो.

हळूहळू उलगडलं ते असं. त्यांचा मुलगा अमरावतीत कॉम्प्युटरच्या धंद्यात. सूची त्याने काढलेली. बाप निवृत्त झाल्यावर घरात बसून आल्यागेल्याला फलाट सांगू लागला, स्वयंपाकघरात भाजी कुठल्या शेगडीवर लागली आहे ते दोनदा पुकारू लागला, तेव्हा आईच्या विनंतीवरून मुलाने त्यांना जमीलभाईंकडे बसून लेख तपासायच्या कामाला लावलं. मी एकदा विचारलं, "साहेब, या वयात ही कटकट काहून घेतली?" ते म्हणाले, "गाड्या सुटल्या, आवाज सुटत नाही नं बावा."

इंटरनेट म्हणजे नेमकं काय, हे त्यांनाही माझ्याइतकंच ठाऊक होतं. टेलिफोनच्या तारेतून लेख जातात, म्हणून एकाच वेळी दोघांनी पाठवले तर मधे कुठेतरी, बहुधा अंजनगावच्या आसपास, टक्कर होईल अशी त्यांना भीती वाटे. मी लेख पाठवताना ते शेजारी हात वर करून बसत, "थांबा, लाइन मोकळी होऊ द्या." मग जमीलभाईंना विचारत, "कोनी पाठवून तर नाही राहिलं?" जमीलभाई पडद्याआडून म्हणत, "नहीं साब, रास्ता क्लिअर है." मग ते हात खाली करत आणि मी बटण दाबत असे. यात काही गफलत आहे अशी शंका मला यायची, पण खात्रीने सांगण्याइतकं ज्ञान आम्हा तिघांतही नव्हतं.

नियमांची मात्र त्यांना पक्की खात्री होती. सूचीवर नियमांचं, त्यांनीच लिहिलेलं, एक पान होतं. त्याला ते सूचना फलक म्हणत आणि ते वाचल्याशिवाय लेख पाठवणाऱ्याचा त्यांना मनापासून राग येई. "स्टँडवर बी तेच," ते म्हणायचे. "फलक डोक्यावर टांगला हाये, आनि मानूस खाली उभा राहून इचारते, साहेब, गाडी कोठी लागंल?" मी तो फलक वाचला होता का, असं त्यांनी मला कधीच विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

पण खरं सांगायचं तर हे सगळं मला तेव्हा हट्टीपणाच वाटत होतं. इथे आमची शेवंती उपटायला निघाली आहे आणि हा म्हातारा फलाट-फलाट करतो आहे. एक दिवस मी तसं बोललोही. "साहेब, शेतीच्या विभागात एक लेख जास्त झाला तर कोणाचं काय बिघडते?"

त्यांनी नुसती बोटाने खूण केली. दारातल्या कॉम्प्युटरपाशी तेल्हाऱ्याकडचा एक माणूस बसला होता. बसला म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकला होता, आपल्या कपड्यांनी खुर्ची मळेल म्हणून. त्याच्या कपाशीची पानं लाल पडली होती आणि त्यावर काय करावं हे जमीलभाई त्याला शोधून देत होते. एक पान उघडलं की दुसरं. कुठे खताची जाहिरात, कुठे कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस, कुठे राशीभविष्य. सगळं "शेती"खाली. तो माणूस दर पानाला जमीलभाईंच्या तोंडाकडे आशेने पाही. मग लाइट गेली. तो थोडा वेळ काळ्या पडद्याकडे पाहत राहिला, उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "जातो भाऊ, शेवटची गाडी हाये."

तो गेल्यावर साहेब बारीक आवाजात म्हणाले, "तो मानूस एस.टी.नं आला. लाइट हाये तेवढ्यात त्याले पायजे ते सापडाले पायजे होतं. पयले मी सांगत जाओ, तवा मानसं बरोबर गाडीत बसत. त्याच्या अन् त्याच्या गाडीच्या मधात तुमचा झेंडू काहून ठेवू मी?"

या वेळी त्यांनी ते दोनदा सांगितलं नाही.

त्यानंतर काही दिवस मी कॅफेत गेलो नाही. दुकानात बसून वहिनीचे हात पाहत राहिलो, कारण दुसरं काही काम नव्हतं. आमच्या उन्हाळ्यात हार टिकवणं म्हणजे सोपी गोष्ट नाही. फुलं उन्हं वर यायच्या आत तोडायची. फुलांवर पाणी मारायचं नाही, पाकळी डागते. ओलं फडकं टोपल्याला बाहेरून गुंडाळायचं. शेवंती गुंफताना दोरा कचकचून ओढायचा नाही. वर कडुनिंबाचा पाला. हे आमच्याकडे रोजचंच. म्हणून त्यात लिहिण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी ते सरळ लिहून काढलं. शीर्षक दिलं, "उन्हाळ्यातल्या लग्नात हार कसे टिकवावेत." विभाग घेतला "घर आणि समारंभ". तिथे गर्दी अजिबात नव्हती.

साहेबांनी लेख भोंग्याच्या आवाजात पूर्ण वाचला. जमीलभाई पडदा सारून ऐकायला आले. बेअरिंग घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही आत आलं. वाचून झाल्यावर साहेब म्हणाले, "लागली गाडी," आणि पुन्हा म्हणाले, "लागली."

आता शेवटची चौकट, लेखकाचा संपर्क. आमच्याकडे फोन नव्हता. मी साहेबांना म्हणालो, "तुमचाच नंबर द्या." भारनियमनाची वेळ होत आली होती, त्यांचं लक्ष घड्याळाकडे. त्यांनी घड्याळाकडे पाहतच घडाघडा नंबर सांगितला, मी घडाघडा टाइप केला, त्यांनी लाइन मोकळी असल्याची खात्री केली आणि मी बटण दाबलं. लाइट लगेच गेली. आम्ही अंधारात एकमेकांचे हात हातात घेतले.

लेख सूचीवर दिसू लागला, पण फोन काही येईना. साहेब रोज घरच्या फोनजवळ बसून राहत. मी दर संध्याकाळी विचारायला जाई. दादाने ट्रॅक्टरवाल्याशी बोलणी सुरू केली. वहिनी मळ्यात जास्त वेळ घालवू लागली.

मग एका दुपारी मी दुकानात बसलो असताना स्टँडचा भोंगा खरखरला. "अकोट बसस्थानक. प्रवाशांनी लक्ष द्यावे. कोपऱ्यावरील फुलवाले यांनी ताबडतोब चौकशी खिडकीवर यावे. त्यांना चांदूर रेल्वेहून हारांबाबत फोन आहे." मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीने माझ्याकडे. भोंग्याने पुन्हा तेच सांगितलं.

झालं होतं असं की, घड्याळाकडे पाहता पाहता साहेबांच्या तोंडून जो नंबर निघाला तो घरचा नव्हता. सारी नोकरीभर लोकांना जो सांगितला तो, एस.टी.च्या चौकशीचा. संपर्क पाठवण्याआधी स्वतः वाचून पाहावा, हा सूचना फलकावरचा नियम होता. तो मी पाळला नव्हता, आणि ज्यांनी तो लिहिला त्यांनीही नाही.

चांदूर रेल्वेला सामूहिक विवाह होता. त्या वर्षांत तशीच लग्नं व्हायची, एका मंडपात अनेक जोडपी. आदल्या वर्षी मुहूर्ताआधीच सारे हार कोमेजून गेले होते आणि नवऱ्या मुली रडल्या होत्या, म्हणून समितीतल्या कोणीतरी इंटरनेटवर शोधलं आणि आमचा लेख सापडला. खिडकीतल्या नव्या कंट्रोलरने ऑर्डर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून घेतली होती. मला म्हणाला, "साहेबायनं शिकवलेलं हाये आमाले, कोनाचाबी निरोप पडू द्याचा नाही."

आणि मग गंमत अशी की, त्या एका घोषणेने जे झालं ते लेखाने झालं असतं की नाही कोण जाणे. स्टँडवरच्या गावोगावच्या लोकांनी ऐकलं की अकोटच्या फुलवाल्याला पार चांदूर रेल्वेहून बोलावणं आहे. परतवाड्याच्या एका बाईने बस सोडून आमच्या दुकानात येऊन विचारलं, "तेच का तुमी?" पुढे फोन येत राहिले, भोंगा वाजत राहिला, आणि जो तो ऐकून येत राहिला. गिऱ्हाईक इंटरनेटने आणलं असं मी म्हणायचो. भोंग्याने आणलं असं दादा म्हणायचा. साहेबांचा मुलगा सूचीवरचा नंबर बदलून द्यायला तयार होता, पण साहेबांनी बदलू दिला नाही. "गाडी चुकीच्या फलाटावर लागली हे कबूल," ते म्हणाले, "पन प्रवासी चढून राहिले नं? राहू द्या." त्यांनी नियम मोडलेला मी तेवढाच पाहिला.

शेवंती राहिली. दादाने ट्रॅक्टरवाल्याला परत पाठवलं. वहिनीने पहिल्या तोडणीचा एक गजरा साहेबांच्या बायकोला माझ्या हाती पाठवला.

पुढे साहेबांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगा त्यांना कायमचं अमरावतीला न्यायला आला. निघायच्या दिवशी वहिनीला ताप होता. म्हणून हार मीच गुंफला, आयुष्यातला पहिला. उशीर झाला, ऊन चढलं, तो घेऊन मी स्टँडवर धावलो आणि नेहमीच्या फलाटावर जाऊन उभा राहिलो. भाषण पाठ केलं होतं. गाडी काही लागेना. माझ्याभोवती अकोल्याचे प्रवासी जमले होते, हे मला जाणवायला हवं होतं.

तेवढ्यात भोंग्यात टक, टक वाजलं. ही टकटक नव्या कंट्रोलरची नव्हती.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. अकोल्याच्या फलाटावर हार घेऊन उभ्या असलेल्या इसमास सूचना. अमरावतीची गाडी पलीकडच्या टोकाला लागलेली आहे. आपण नेहमीप्रमाणे चुकीच्या फलाटावर आहात." सारं स्टँड वळून माझ्याकडे पाहू लागलं. भोंग्याने ते पुन्हा सांगितलं, सावकाश, 'नेहमीप्रमाणे'वर जोर देऊन.

मी धावत पोचलो तेव्हा मुलाने त्यांना चौकशीच्या खिडकीतून आणून गाडीत बसवलं होतं. घंटी झाली. भाषण राहून गेलं. मी खिडकीतून हार आत दिला, त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक फूल न्याहाळू लागले. पाकळ्यांवर तपकिरी डाग उमटले होते. गाडी हलली. मी बाजूने चालत होतो. त्यांचे डोळे भरले होते, निदान मला तसं वाटलं.

"फुलावर पानी मारलं नं?" ते म्हणाले. "तो लेख तुमी सोडून साऱ्यायनं वाचला वाटते."